हाकेला आलेले लावे

मी एक जुना बांबूचा पिंजरा आहे. परळच्या एका चाळीत, बुधाजीच्या खोलीतल्या माळ्यावर मी असतो. माझ्या पाठीवर पापडांचे डबे आणि एक फुटकी कंदिलाची काच ठेवलेली आहे. यंदा मे महिन्यात आपले महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा चाळीला लावण्यासाठी पताका शोधायला कोणीतरी वर चढले होते. मला जरा सरकवले, तेव्हा माझ्या तळातून बाजरीचे काही दाणे घरंगळले. इतकी वर्षे ते फटीत अडकून राहिले होते. मित्रांनो, त्या दाण्यांमुळे मला जुने सगळे आठवले. ते तुम्हाला सांगावे असे वाटते.

लालबागला शेवंती नावाची एक बुरडीण सुपे आणि टोपल्या विणत असे. मला तिनेच विणले. मी लांब आणि बुटका आहे. माझे दोन खण आहेत. मागचा लहान खण चोहोबाजूंनी बंद आहे. पुढच्या मोठ्या खणाला जमिनीलगत एक तोंड आहे. कोळ्यांच्या मासे धरायच्या टोपलीला असते तसे ते आत निमुळते होत जाते. पाखरू बाहेरून सहज आत शिरते, पण आतून त्याला ती वाट सापडत नाही. त्याला बाहेर काढायचे तर माणसाने माझे वरचे झाकण उघडावे लागते.

विणता विणता शेवंती हसून म्हणाली, "हे घर म्हणायचं का सासर हो, बुधाजीराव? आत यायला वाट, निघायला नाही!"

"न्यायला मी येतो की," बुधाजी म्हणाला.

बुधाजी गिरणीत कामाला होता. त्याला पाखरांचे वेड होते. गिरगावचे मनमोहनराव हे जुन्या घराण्यातले गृहस्थ. त्यांना शिकारीचा शौक होता, आणि त्यांच्याकडे जिप्सी नावाची तरुण शिकारी कुत्री होती. अशा कुत्रीला गवतात दडलेल्या पाखराचा वास लागला की तिने एक पाय उचलून जागच्या जागी थबकायचे असते. पाखरू उडाले तरी झडप घालायची नसते. हे शिकवायला खरी पाखरे लागतात. म्हणून मनमोहनरावांनी बुधाजीला लावे वाढवायला सांगितले होते.

तुम्ही लावा पाहिला आहे का? मुठीत मावेल एवढा गोल पक्षी. शेपूट जणू नाहीच. रंग सुक्या गवतासारखा. तो गवतात बसला की नजरेला दिसत नाही.

बुधाजीने लाव्यांची अंडी आणली आणि एका खुडूक कोंबडीखाली ठेवली. पिल्ले निघाली ती शेंगदाण्याएवढी. त्यांना वाढवले मात्र बुधाजीच्या बायकोने, बकुळाने. ती लाकडाच्या वखारीतून वाळवी आणून त्यांना घाली. उकडलेल्या अंड्याचा बलक बोटांनी कुस्करून भरवी. शेजारच्या सुंदराबाई दारातून म्हणत, "काय गं बकुळा, नवऱ्याला कोरा चहा आणि पाखरांना अंडं?"

"नवरा मोठा झालाय, मावशी," बकुळा म्हणे. "ही अजून व्हायचीयत."

एक पिल्लू फार अशक्त निघाले. बाकीची त्याला तुडवत. बकुळाने त्याला एका पत्र्याच्या डब्यात कापूस घालून शेगडीजवळ ठेवले. ते जगले. मादी होती ती. बकुळा तिला बेबी म्हणू लागली. मोठी झाल्यावर बेबीचा आवाज असा खणखणीत निघाला की जिन्यापर्यंत ऐकू जाई.

मग आमचे काम सुरू झाले. सुटीच्या दिवशी सकाळी बुधाजी मला डोक्यावर घेऊन शिवडीला जाई. तिथे किल्ल्याखाली गवताचे मैदान आहे, शेजारी गोदामे आणि पलीकडे खाजणाची दलदल. तो बेबीला माझ्या मागच्या खणात ठेवी. बाकीचे लावे झोळीतून नेऊन गवतात ठिकठिकाणी सोडी. जिप्सी वास घेत येई, थबके, मनमोहनराव टाळी वाजवत आणि लावा भुर्रकन उडून जाई. असे सगळे लावे मैदानभर पांगत.

दिवस कलू लागला की बेबी हाक देई. व्हिट, व्हिट, व्हिट. लाव्यांना रात्री एकटे राहवत नाही. त्यांना आपल्या थव्याला बिलगून झोपायचे असते. हाक ऐकली की एकेक लावा गवतातून धावत येई आणि माझ्या तोंडातून आत शिरे. सगळे आले की बुधाजी माझ्यावर गोणपाट टाकी आणि आम्हाला घरी आणी.

मनमोहनरावांचे मित्र हे पाहायला मुद्दाम येत. "सोडलेलं पाखरू परत येतं? कमाल आहे, बुधाजी!" ते म्हणत. बुधाजी लाजून माझ्यावर थाप मारी. मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटे. मला वाटे, पाखरे माझ्यावरच्या प्रेमाने परत येतात.

मग छप्पन्न सालचा जानेवारी आला. संक्रांत नुकतीच झाली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली, आणि सारे शहर पेटून उठले. गिरण्या बंद पडल्या. त्या सकाळी चाळीत कोणाचेही लक्ष ठिकाणावर नव्हते. पण मनमोहनरावांची मोटार शिवडीला आली. "गडबड तिकडे आहे, इथे काय?" ते म्हणाले.

लावे सोडून झाले होते. इतक्यात दूरवर फट फट असे आवाज आले. जिप्सी घाबरली आणि खाजणाच्या दिशेने पळत सुटली. मनमोहनरावांनी शिट्या मारल्या, पण ती आली नाही. ड्रायव्हर घाई करू लागला. "साहेब, रस्ते बंद झाले तर मोटार इथंच राहील."

"बुधाजी, जिप्सीला शोध आणि घरी घेऊन ये," मनमोहनराव म्हणाले. "तिला काही होता कामा नये."

"आणि लावे, साहेब?"

"ते येतात की आपले आपण! तू परत येईपर्यंत आत बसलेले असतील."

मोटार गेली. बऱ्याच वेळाने चिखलाने माखलेली जिप्सी बुधाजीला सापडली. तिच्या गळ्यात पट्टा अडकवून तो माझ्याजवळ आला. बेबीच्या वाटीत त्याने पाणी भरले. माझ्या तोंडाकडे त्याने क्षणभर पाहिले. तोंड बंद केले तर लावे रात्री बाहेर राहणार, आणि मुंगूस त्यांना सोडणार नाही. उघडे ठेवले तर ते आत येऊन सुरक्षित बसतील. त्याने ते उघडे ठेवले. "आलोच गं, बेबी," असे म्हणून तो निघाला.

संध्याकाळी बेबीने हाक दिली. लावे आले. नेहमीसारखे एकामागून एक आत शिरले, एकमेकांना चिकटून बसले आणि वाट पाहू लागले. अंधार पडला. माझ्यावर गोणपाट टाकायला कोणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढले. मागच्या खणातल्या वाटीपर्यंत पुढच्या लाव्यांच्या चोची पोचत नव्हत्या. पुढे पाणी नव्हतेच, कारण पुढे त्यांना कधी इतका वेळ राहावेच लागले नव्हते. आधी ते माझ्या काड्यांवर चोची आपटत राहिले. मग नुसते चोच उघडून बसले. शेजारची गोदामे बंद होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. गवत माझ्यापासून हातभर अंतरावर होते, त्यावर पहाटेचे दव पडले होते, आणि त्या दवापर्यंत जायची वाट त्यांना सापडत नव्हती.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना मला अजूनही जड जाते. पहिल्या संध्याकाळी दोन लावे आले नव्हते. ते कुठेतरी दूर राहिले होते. ते मोकळे होते. दुसऱ्या संध्याकाळी बेबीने पुन्हा हाक दिली. मला वाटत होते, हिने आज गप्प बसावे. पण तिला काय ठाऊक? तिला वाटले, थवा अपुरा आहे. ती हाक देत राहिली, आणि गवत हलले. ते दोघेही धावत आले आणि माझ्या तोंडातून आत शिरले.

तेव्हा मला कळले की पाखरे माझ्यासाठी येत नव्हती. ती एकमेकांसाठी येत होती. मी फक्त वाटेत ठेवलेला होतो.

बुधाजी का आला नाही, हे मला मागाहून कळले. जिप्सीला घेऊन तो गिरगावात पोचला तोवर तिथे गोळीबार सुरू झाला होता. मग संचारबंदी लागली. मनमोहनरावांनी दाराला आतून कडी घातली. बुधाजी म्हणाला, "साहेब, लावे आत अडकलेत. त्यांना पाणी नाही. मला जाऊ द्या."

"वेडा आहेस का? बाहेर माणसं मरतायत. तू रस्त्यात पडलास तर बकुळाला मी काय सांगू?"

"साहेब, मी त्यांना येतो म्हणून सांगितलंय."

"अरे, जिप्सी आली ना घरी? मग झालं. लावे काय, पुन्हा वाढवता येतील."

ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. त्यांनी बुधाजीला जेवायला वाढले, अंथरूण दिले. पण त्यांना एकच जीव दिसत होता, ज्याला त्यांनी नाव दिले होते.

बुधाजीने जायचा प्रयत्न केला. भाजी-दुधासाठी थोडा वेळ मोकळीक मिळाली तेव्हा तो धावत निघाला. भायखळ्याच्या पुलाशी पोलिसांनी त्याला काठ्या मारून परत पाठवले. अखेर तिसऱ्या दिवशी तो पोचला, तेव्हा बेबीच्या वाटीतले पाणीही संपले होते. त्याच्या पायात एकच चप्पल होती. त्याने झाकण उघडले आणि आत हात घातला. एकेक लावा तो बाहेर काढून गवतावर ठेवीत गेला. मग त्याने कुठूनतरी पाणी आणले, बोट बुडवून थेंब थेंब चोचीत सोडला. बेबी जगली. आणखी दोन जगले. बाकीचे गवतावर तसेच राहिले.

घरी बकुळाने दार उघडले. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही लाव्यांपाशीच आहात. गोदामात बसला असाल. म्हणून मी निश्चिंत होते." मग तिने माझ्यात पाहिले. आत तिघेच होते.

चाळीत त्या दिवसांत दुःखाला तोटा नव्हता. तळमजल्यावरचा जगदीश, गिरणीतला उमदा माणूस, गोळी लागून गेला होता. त्याच्या आईचा आक्रोश वरपर्यंत येई. बुधाजी तिथे जाऊन बसे, आणि घरी आला की कोपऱ्याकडे तोंड करून बसे. बकुळा म्हणाली, "रडा की जरा."

"खाली माणूस गेलंय, बकुळे. पाखरांसाठी रडू? लोक काय म्हणतील?"

"रडायला काय रेशनकार्ड लागतं?" ती म्हणाली, आणि आधी तीच रडली.

काही दिवसांनी मनमोहनराव स्वतः चाळीचे जिने चढून आले. ते जरा ओशाळलेले होते. जिप्सीचे शिक्षण अर्धे राहिले होते. नवे लावे वाढवशील का, असे त्यांनी विचारले.

"नाही, साहेब," बुधाजी म्हणाला.

"अरे, पुन्हा असं थोडंच होणार आहे?"

"न होवो. पण त्यांना परत यायला मी शिकवलं होतं, साहेब. जंगली लावा आला असता का पिंजऱ्यात? माझे आले. आता कुणाला तसं शिकवायची माझी छाती नाही."

 मनमोहनराव बेबीकडे न पाहता जिना उतरून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

"आता सोडून दे त्यांना मोकळं," असे सुंदराबाई म्हणाल्या. पण बकुळाने मान हलवली. शेगडीजवळ वाढलेल्या पाखराला मैदानात कोण जगू देणार? तिघे लावे घरातच राहिले. दोन वर्षांत दोघे गेले. बेबी एकटी उरली.

दिवस कलला की ती गॅलरीत हाक देई. व्हिट, व्हिट, व्हिट. हाकेला यायला आता कोणीच नव्हते. बुधाजी पाळीवरून दमून आलेला असे, कधी जेवायला बसलेला असे. हाक ऐकली की तो हातातला घास ताटात ठेवी, "आलो गं" म्हणे, उठून माझ्यापाशी येऊन बसे आणि झाकणातून हात आत घाली. बेबी त्याच्या तळव्याला चिकटून गप्प होई. ती गेली त्या संध्याकाळपर्यंत तो एकदाही चुकला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कुत्रे पाळत असेल, कोणी पोपट, कोणी कबुतरे. तुमचा आवाज ओळखून ती धावत येतात तेव्हा तुम्हाला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण जो जीव तुमच्या हाकेला यायला शिकला, तो स्वतःची वाट शोधायचे विसरला, हेही ध्यानात ठेवा. शहरात काहीही होवो, घरी पाहुणे येवोत, परीक्षा असो, तो येईल आणि तुमची वाट पाहत बसेल. त्याला कारणे समजत नाहीत. म्हणून तेवढे झेपणार असेल तरच कोणाला आपल्या हाकेला यायला शिकवा. आणि एकदा शिकवलेत, तर त्याच्या हाकेला जा.