पुढचं वाक्य बाबांचं

त्या पुस्तकाचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. ‘घरी जाऊन कळवतो’ नावाची, लग्नं जमवण्यावरची ती विनोदी कादंबरी. निघून सत्तर वर्षं झाली, तरी अजून छापली की संपते. दवाखान्यात, दाढीच्या दुकानात, बँकेच्या रांगेत कोणी एकटंच हसताना दिसलं की समजायचं, त्याला जमवाकाकू भेटल्या. जमवाकाकू म्हणजे त्यातली मध्यस्थबाई. गावातलं एकही माणूस सुटं राहिलेलं तिला बघवत नाही. मी ते पुस्तक चव्वेचाळीस वर्षांत एकदाही उघडलं नाही. लग्न न झालेल्या बाईला दर चौथा माणूस सांगतो की तुला जमवाकाकूच हवी. ऐकून ऐकून कान किटले होते.

पण खरा राग तो नव्हे, खरा राग घरातला आहे. आई छापखान्यात खिळे जुळवायची. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळीत लावायचं, दिवसभर उभ्याने, एकतीस वर्षं. ते पुस्तक तिने अकरा वेळा जुळवलं. बाबा तिथेच मुद्रितं तपासायचे. दुपारची डुलकी लागू नये म्हणून दोघांनी एक पद्धत काढली होती: एक वाक्य एकाने वाचायचं, पुढचं दुसऱ्याने. असं वाचता वाचताच त्यांचं लग्न ठरलं आणि मग ते वाचन घरी आलं. भाजी चिरताना आई मध्येच एक वाक्य टाकायची, बाबा पुढचं म्हणायचे आणि दोघं हसत सुटायचे. एका कुठल्याशा वाक्याला तर बाबा जेवता जेवता उठून उभे राहायचे आणि आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं हसून हसून. मी आणि धाकटा भाऊ आपले एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचो. कोणी समजावून सांगायचं नाही. ते दोघांचं होतं, आम्ही बाहेरचे.

आईचा एक हट्ट सांगायला हवा. पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात नवऱ्या मुलाला तीन बहिणी आहेत आणि एकविसाव्यात चार. लेखक तोवर गेले होते. मालक म्हणाले, तीन करून टाका. आई म्हणाली, मजकुरात हात घालायचा नाही, तो आपला नाही. तीन दिवस मालकांशी बोलली नाही. शेवटी त्यांनी हात टेकले. ती चौथी बहीण आजही प्रत्येक आवृत्तीत आहे आणि ती आली कुठून यावर लोक अजून वाद घालतात. आईने आयुष्यात दुसऱ्याच्या लिहिण्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. आमच्या शाळेच्या निबंधातल्या चुकाही ती फक्त बोटाने दाखवायची.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतरही आई अधूनमधून एखादं वाक्य टाकायची, ओट्याशी उभी राहून, आणि थांबायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. लाज वाटते आता सांगताना, पण तसंच करायचे.

अकरा आठवड्यांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. पाणी म्हणता येईना, माझं नाव येईना. आणि पाचव्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या ती खणखणीत आवाजात म्हणाली, मुलगा गुणी आहे, फक्त बघायला गेलं की घरी नसतो. सगळा वॉर्ड हसला. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, हुरळून जाऊ नका, हे बोलणं नव्हे. पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, एक ते शंभर आकडे राहतात तसं. त्यात अर्थ शोधू नका. म्हणजे माझ्या आईजवळ अख्ख्या भाषेतून तेवढं एक पुस्तक उरलं होतं, तेही मी न वाचलेलं.

मग पाय. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला, आठवड्यात काळेपणा घोट्यापर्यंत चढला. परवा सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. चांगला माणूस, उगाच आशा लावणारा नाही. म्हणाले, पाय मांडीतून काढावा लागेल. हृदय अशक्त आहे, टेबलावरच काही होऊ शकतं. निभावलं तर वर्षभर मिळेल, पण अंथरुणातच. नाही काढला तर आठ-दहा दिवस, दुखणं आम्ही ताब्यात ठेवू. त्यांना स्वतःला सांगता येत नाही, तेव्हा तुम्ही भावंडांनी ठरवा. बारापर्यंत सही द्या, दोनला घेऊ.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसाला दोनशे लोक माझ्यावर ओरडतात, माझं काही हलत नाही. पण तो कागद हातात आला आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. एकतीस वर्षं त्या पायांवर उभी राहिलेली बाई. भावाला फोन लावला. तो एका दिवसाच्या प्रवासाइतका लांब राहतो. तो म्हणाला, ताई, तिलाच विचार ना. म्हटलं, अरे विचारू कशी? तरी विचारलं. फोन तिच्या उशाशी धरला, चादर बाजूला केली, पायाला हात लावला आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आई, पाय काढू द्यायचा का?

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “उंचीचं काय घेऊन बसलात? बसल्यावर सगळी माणसं सारखीच.”

फोनमधून भाऊ हसला आणि हसता हसता रडायला लागला. म्हणाला, बघ, हो म्हणाली ती, चेष्टा करून हो म्हणाली, आईच ती. मलाही तेच वाटलं. पाय गेला तर बसून राहीन, असंच ना? दुसरं काय? सही करून टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

पण आई थांबेना. परत तेच वाक्य म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हटलं, हो आई, कळलं. तिने डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. तिसऱ्यांदा म्हणाली, चौथ्यांदा म्हणाली. माझं मनगट धरून म्हणाली आणि वाट बघत राहिली. मी पाणी दिलं, उशी सारखी केली, पंखा कमी केला, जास्त केला. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं मला, चिडलेही तिच्यावर. शेवटी तिने डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं. सव्वाएक वाजला होता.

तेवढ्यात सिस्टर तयारीला आली. सुई बदलताना तिच्या कानावर ते वाक्य पुन्हा पडलं आणि ती खुदकन हसली. म्हणाली, “आणि मग मुलगी उठून उभीच राहते. बाविसावं प्रकरण. माझी आजी एवढंच वाचायला लावायची.”

आईने भिंतीकडून तोंड वळवलं. एवढ्या झटक्यात अकरा आठवड्यांत ती वळली नव्हती.

मी सिस्टरला विचारलं, कोण उभी राहते? ती माझ्याकडे बघतच राहिली, की या बाईने हे वाचलं नाही? टेबलाच्या खणात एक प्रत आहे म्हणाली, रात्रपाळीच्या सगळ्या जणी वाचतात. पुठ्ठा निघालेली, पानं चिकटवलेली ती प्रत घेऊन मी जिन्याशी गेले आणि उभ्यानेच बाविसावं प्रकरण काढलं.

मुलगी खूप उंच, मुलाकडचे सगळे बुटके. म्हणून जमवाकाकूंनी तिला सकाळपासून खुर्चीत बसवून ठेवलंय. पाहुणे आले तरी उठायचं नाही, काही पडलं तरी वाकायचं नाही. मुलाचे वडील म्हणतात, मुलगी जरा उंच वाटते. काकू म्हणतात, उंचीचं काय घेऊन बसलात, बसल्यावर सगळी माणसं सारखीच. आणि ती मुलगी खुर्ची मागे सारते आणि उभी राहते. डोकं दिव्याला लागतं. काकू दातओठ खात कुजबुजतात, बस खाली, उभी राहिलीस तर हे सगळं इथेच संपलं. ती म्हणते, संपू द्या, काकू. मला उभंच राहू द्या. पाहुणे निघून जातात, काकू सगळी बिस्किटं एकट्या खातात आणि शेवटच्या बिस्किटाला म्हणतात, उंची मात्र खरंच छान आहे गं.

मला हसू आलं. त्या परिस्थितीत, त्या जिन्यात मी मोठ्याने हसले, आणि मग बाबा दिसले, ताटावरून उठून उभे राहिलेले. आईने मला उत्तर दिलंच नव्हतं. तिने तिचं वाक्य म्हटलं होतं आणि ती पुढच्याची वाट बघत होती. उत्तर पुढे होतं. पुढचं वाक्य बाबांचं, आणि बाबा नव्हते, आणि मी ठोंब्यासारखी पंखा कमी-जास्त करत होते.

धावत आले तर खाट रिकामी. तिला लिफ्टकडे नेलं होतं. मी पोचले तेव्हा स्ट्रेचर अर्धं आत गेलं होतं. मी कठडा धरला. डॉक्टर मागेच होते, काय झालं म्हणाले. म्हटलं, एक मिनिट, तिला एक विचारायचं राहिलं. ते समजुतीने म्हणाले की आईंना कळत नाहीये, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. खरंही असेल त्यांचं. मी म्हणणार, ती पाठ असलेलं पुढचं म्हणणार, एक म्हटल्यावर दोन म्हणावं तसं. त्यात तिची इच्छा कुठली हे मला कोण सांगणार? एवढ्यावर मी आईला मरू देणार होते का?

तरी मी म्हटलं. पुस्तक मिटून, तिच्या तोंडाजवळ वाकून म्हटलं, “बस खाली. उभी राहिलीस तर हे सगळं इथेच संपलं.”

आईचा चेहरा सैल झाला. ती सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाली, “संपू दे, मिरचे. मला उभंच राहू दे.”

मिरची मी. लहानपणापासून, तापट म्हणून. पुस्तकात तिथे ‘काकू’ आहे. पुस्तकात ‘द्या’ आहे.

मी कठडा सोडला नाही. डॉक्टरांना म्हटलं, सही परत घेते. त्यांनी दोनदा विचारलं, आठ-दहा दिवसच म्हणजे काय ते पुन्हा समजावलं, मग कागदावर तसं लिहून माझी दुसरी सही घेतली.

भावाला फोन केला. तो ओरडला. कधी आवाज चढवत नाही तो, पण ओरडला. कादंबरीतल्या वाक्यावरून तू आईला घालवणार? डोकं फिरलंय का तुझं? डॉक्टर सांगतात अर्थ नाही म्हणून, आणि तू? मी ऐकून घेतलं, खिडकीवर ऐकते तसं. त्याचं झाल्यावर म्हटलं, “तिने मजकूर बदलला.”

तोही त्याच घरात वाढला होता. त्याने विचारलं, “आईने?”

“काकूच्या जागी मिरची म्हणाली.”

मग तो म्हणाला, संध्याकाळच्या गाडीने निघतो, आणि विचारलं, ते पुस्तक येताना कुठे मिळेल का.

आईला परत खाटेवर ठेवलं. खिडकी उघडली, उशी उंच केली, दुखण्याचं इंजेक्शन झालं. मी स्टूल ओढलं आणि पहिलं पान काढलं. आठ दिवसांत चाळीस प्रकरणं होतील की नाही, कोण जाणे. पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले.

दुसरं तिने म्हटलं.