ब्लाउजची कात्री

हर्षानं शिवणयंत्राच्या खणातून मोठी कात्री उचलली आणि पायात चपला सरकवल्या, तोच प्रमोदिनीकाकूंनी दार अडवलं.

"अगं, ती ब्लाउजची कात्री आहे! कागदालासुद्धा लावू देत नाही मी. काय कापणार आहेस?"

"फ्लेक्स."

"कोणाचा?"

"माझाच."

काकू बाजूला झाल्या. पंधरा वर्षांपूर्वी सिंधहून आलेलं एक कुटुंब कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलं, तेव्हा हर्षा नऊ वर्षांची होती. मराठी ती काकूंच्या ओट्याशी उभी राहून शिकली. तिचा राग काकूंना चेहऱ्यावरून नाही, चपलांच्या आवाजावरून कळायचा. आज चपला फटाफट वाजत गेल्या.

मराठी मंडळ दोन गल्ल्या सोडून होतं. फाटकावर नवा कोरा फ्लेक्स. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो गाल फुगेपर्यंत ताणलेला. वर 'वार्षिक मेळावा', खाली 'कु. हर्षा मोटवाणी, संगणक अभियंता, हिचा सत्कार'. आणि मध्ये, लाल रंगात, तिच्या नावाहूनही मोठं: 'पाकिस्तानी शरणार्थी कन्या'.

नागरिकत्वाचा कागद हातात पडून चार वर्षं झाली होती. त्याआधी, व्हिसावर राहत असताना, कॉलेजचा बाबू हजेरीपटावर नाव असूनही "वो पाकिस्तान वाली" अशीच हाक मारायचा. इंदूरच्या स्पर्धेत तिचा प्रोग्रॅम पहिला आला तेव्हा बक्षीस घ्यायला मैत्रीण उभी राहिली, कारण हर्षाला शहर सोडायची पोलिसांची परवानगी मिळाली ती दोन दिवस उशिरा. त्याच संतापात तिनं दुसरा प्रोग्रॅम लिहिला. कोणाच्या व्हिसाची मुदत संपत आली की पंधरा दिवस आधीच त्या घरचा फोन वाजायचा. आता अशी त्रेचाळीस घरं काही अडलं की आधी तिला विचारत. नोकरी सांभाळून दर रविवारी ती मंडळाच्या वाचनालयात त्यांना कंप्युटर शिकवायची.

पण वाचनालय उसनं होतं. उद्याच्या मेळाव्यानंतर कार्यकारिणी ठरवणार होती, खोली वर्गाला कायमची द्यायची की काढून घ्यायची.

मंडळाचे चिटणीस शरच्चंद्रकाका वर्गाच्या नोंदणीला आलेल्यांच्या चपलांचा दारातला ढीग पायानं बाजूला सारत होते.

"किती वेळा सांगू, रॅकवर ठेवा म्हणून! सभासद तक्रारी करून राहिले, हर्षा."

"काका, ती लाल ओळ काढा."

"काहून? त्यातच तर तुझं कौतुक आहे."

"चार वर्षं झाली, मी इथली आहे."

"कागदावर आहेस गं. पण लोकांना कथा लागते. इंजिनीअर काय, आता घरोघरी आहेत. उद्या कार्यकारिणीचे ते नऊ मेंबर डोळे पुसतील नं, तेव्हा खोली मिळेल. मी काही वाईटासाठी करून राहिलो का?"

नव्हतेच करत, हीच तर पंचाईत. तिच्या ॲडमिशनच्या वेळी स्थानिक पालक म्हणून सही याच माणसानं केली होती. वाईट माणसावर ओरडणं किती सोपं असतं!

"म्हणजे मी रडायचं, मग ते रडणार, मग खोली?"

"तू नको रडू. नुसती उभी राहा. मी सांगतो सगळं."

हर्षा कात्री उघडत फाटकाकडे वळली. तेवढ्यात वाचनालयातून मैत्रेयी ओरडली. काकूंची ही दहावीतली लेक वर्गासाठी नव्या लोकांची नोंदणी करायची, आणि शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात करायची.

"दीदी, ये आगे ही नहीं जा रहा! लवकर ये नं!"

कंप्युटरशेजारच्या खुर्चीत एक बाई बसली होती. लाजवंती, पन्नाशीची, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. पडद्यावरच्या फॉर्मात नाव भरलं होतं, फोन नंबर भरला होता. तिसरा रकाना रिकामा, आणि त्यापुढे लाल चांदणी. ती असली की उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

"यांना ते भरायचंच नाही," मैत्रेयी म्हणाली. "मी तीनदा विचारलं."

"बेटा, सीखनी तो टाइपिंग है ना?" लाजवंती पडद्याकडे बोट न दाखवता म्हणाली. "कहाँ से आए, किस साल आए, कैंप में रहे कि नहीं... ये बताए बिना उँगली नहीं चलेगी क्या?"

मैत्रेयी फसकन हसली.

"ये पूछा किसने है?" लाजवंतीनं विचारलं.

हर्षानं कात्री टेबलावर ठेवली.

"मैंने."

व्हिसाच्या फॉर्मवरचे प्रश्न तिनं घाईघाईत जसेच्या तसे इकडे उतरवले होते. चांदणीही तिनंच लावली होती. मैत्रेयीला उठवून ती तिच्या खुर्चीवर बसली. आधी चांदणी काढली, मग रकाना. मग त्रेचाळीस घरांनी मुकाट्यानं भरलेली उत्तरं, एकेक करून. शेवटचं पुसलं तेव्हा चहावाला रिकामे पेले घेऊन गेला होता.

"अब चलेगी," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन बाहेर पडली.

शिडी फाटकाशीच होती. ती चढू लागली तसे काका धावले.

"हर्षा! खोली जाईल, बाप्पा!"

"जाऊ द्या."

"अगं, हलून राहिली शिडी!"

कात्रीनं पहिला घास घेतला. प्लास्टिक करकरलं. खाली काकांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती. हात अडकले, म्हणून आणखी जोरात ओरडत होते. लाल ओळ सुटून खाली पडली आणि फ्लेक्सच्या मधल्या लांबट भोकातून पलीकडची गल्ली दिसू लागली.

मागोमाग बाहेर आलेल्या लाजवंतीनं ती पट्टी उचलली, उलटी केली. मागची बाजू पांढरी स्वच्छ होती.

"इतना अच्छा प्लास्टिक! इस पर क्लास का टाइम लिख दो."

मैत्रेयी मार्कर घेऊन फरशीवरच बसली. 'कंप्युटर वर्ग, दर रविवारी, दहा ते एक.' पुढे तिचा हात थांबला. तिनं काकांकडे पाहिलं.

"जागा काय लिहू?"

काकांनी वर, हर्षाच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं. शिडी सोडली नाही.

"वाचनालय लिही," ते खेकसले. "अन् चपला रॅकवर ठेवायच्या, तेही लिही. मोठ्या अक्षरात."