धरलंय, धरलंय!

देवळाली प्रवरेच्या शिवारातल्या त्या वस्तीवर ज्याला ज्याला सायकल येत होती, त्याला ती गहिनीनाथानं शिकवली होती. निदान गहिनीनाथाचं म्हणणं तसं होतं. त्याचा ऊस कधी शेजाऱ्याच्या उसापेक्षा उंच झाला नाही, गावच्या निवडणुकीत त्याचा माणूस कधी निवडून आला नाही, पण सायकलीचा विषय निघाला की तो मिशीवर हात फिरवून पारावर जरा सरसावून बसायचा. तेवढा मान त्याला सगळे देत.

त्याची पद्धत साधी होती. मागून कॅरिअर धरायचं, पळायचं, "धरलंय, धरलंय, मार पायडल!" असं ओरडायचं आणि ओरडता ओरडताच हळूच सोडून द्यायचं. पोरगं आपल्याच तोऱ्यात पुढं जातं. मग मागं वळून बघतं, तर गहिनीनाथ लांब उभा. पोरगं धाडदिशी पडतं, बघणारे खो खो हसतात आणि पोराला सायकल आलेली असते. या थापेबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती. उलट ती खाऊन शिकलेल्यांनी पुढं आपापल्या पोरांना तीच मारली. कुणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोनं उतरतं, या वस्तीत ही थाप उतरत आली होती.

आणि मग सुकन्येची पाळी आली.

सुकन्या म्हणजे गहिनीनाथाची भाची, त्याच्या धाकट्या बहिणीची, मोनिकाची मुलगी. मोनिका अंगणवाडीत सेविका. नवरा वाल्मिक सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, घरी यायचा तो रविवारी. म्हणून तिनं भावाच्या शेजारीच घर बांधलं होतं. सुकन्या लहान असतानाच नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलगी स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात त्याला. वस्तीनं हा शब्द ऐकला, जरा चघळला आणि "पोरगी येगळी हाय" एवढ्यावर विषय संपवला.

वेगळी म्हणजे काय? अंगाला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. मोठ्या आवाजानं तिचा जीव कासावीस होई, त्यामुळं ऊस वाहणारे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायला लागले की भर उन्हातही ती कानटोपी घालून बसे. ती पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोले. आणि मुख्य म्हणजे तिला खोटं बोलता येत नसे. लग्नात आचाऱ्यानं कौतुकानं विचारलं, "काय ताई, भाजी कशी झाली?" ती म्हणाली, "खारट." भाजी खारट होतीच, सगळी पंगत मुकाट्यानं खात होती. एखादी बाई निघताना सहज म्हणे, "या एकदा जेवायला." सुकन्या विचारी, "कधी?" आणि वार ठरेपर्यंत त्या बाईला उंबरा ओलांडू देत नसे. एवढ्यावरून माणूस वेगळं ठरत असेल, तर आपण बाकीचे कसे आहोत याचाही कधीतरी विचार करायला हवा.

मामा मात्र तिचा लाडका. "संध्याकाळी मळ्यात नेतो" असं गहिनीनाथ म्हणाला की नेणारच, कारण संध्याकाळ व्हायच्या आधीच सुकन्या चपला घालून दारात उभी असे. दारात असं कुणी उभं राहिलं की माणूस आपोआप शब्दाचा पक्का होतो. रस्ता ओलांडताना ती एरवी कुणाचा हात धरत नसे, मामाचं बोट तेवढं धरी. याचा त्याला फार अभिमान होता आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

आठवीत शाळेकडून मुलींना सायकली मिळाल्या, सुकन्येलाही मिळाली. सकाळी सगळ्या मुली घंट्या वाजवत वस्तीवरून जायच्या. सुकन्या आईच्या स्कूटीवर मागं बसून त्यांच्याकडं बघत असायची. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मला सायकलवर शाळेत जायचंय. मामा शिकवेल."

मोनिकाच्या हातातला घास हातातच राहिला. जेवण तसंच टाकून ती भावाकडं आली.

"दादा, शिकवशील तर शिकव. पण एक ध्यानात ठेव. तिला जे सांगशील ते खरंच सांग. तिचा इस्वास एकदा उडला की परत बसत न्हाई. डाक्टरांपासून मास्तरांपर्यंत समदे अनुभव घेऊन झालेत माजे."

"आगं, माजा सबूद म्हंजी काळ्या दगडावरची रेघ!" गहिनीनाथ म्हणाला.

आत भाकरी थापणारी त्याची बायको ज्ञानेश्वरी नुसतीच हसली.

शिकवणी सुरू झाली ती सकाळी, ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. जागा म्हणजे दोन्हीकडं ऊस असलेली, शेजारच्या रंगनाथाच्या विहिरीवरून पुढं मोटारीच्या खोलीपर्यंत जाणारी गाडीवाट. आणि पहिल्याच दिवशी वस्तीच्या सायकलगुरूला घाम फुटला.

"मामा, पेडल किती जोरात मारू?"

"अंदाजानं मार की."

"अंदाज म्हणजे किती?"

गहिनीनाथाला जन्मात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "म्हंजी... लई बी न्हाई आन् कमी बी न्हाई."

"हे उत्तर नाही," सुकन्या म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बजावलं, "फकस्त समोर बघायचं. हिकडं न्हाई, तिकडं न्हाई." सुकन्येनं समोर बघितलं. वाट वळली, ती वळली नाही. मामाला घेऊन ती सरळ रंगनाथाच्या उसात शिरली.

"आगं, वळायचं न्हाई का!" पाचटातून डोकं बाहेर काढत गहिनीनाथ ओरडला.

"तू समोर बघायला सांगितलंस. समोर ऊस होता."

पण पोरगी चिकट होती. एकदा कळलं की कळलं, मग ते तिला दोनदा सांगावं लागत नसे. ब्रेक लावून पाय टेकायला ती इतकी नेटकी शिकली की वस्तीतल्या मोठ्या माणसांनी बघून शिकावं. हँडल डगमगायचं थांबलं. दर वेळी निघण्याआधी ती विचारी, "धरलंयस?" मामा म्हणे, "धरलंय." मगच पाय पेडलवर जाई.

आणि मग ती सकाळ आली. सायकल इतकी सुरेख चालली होती की गहिनीनाथाचा हात आपोआप सुटला. मुद्दाम सोडला म्हणावं तर तसंही नाही. आयुष्यभराची सवय, ती काय विचारून येते? हात सुटला, थोडं पुढं जाऊन पायही थांबले, तोंड मात्र चालू राहिलं. "धरलंय, धरलंय!" सुकन्या वाऱ्यासारखी पुढं निघाली होती. गहिनीनाथाचं काळीज सुपाएवढं झालं. त्यानं वाटेकडेच्या चिंचेखाली उभं राहून चंची काढली आणि तंबाखू मळता मळता शिष्येला आणखी एकदा जोरात सांगितलं, "धरलंय!"

इतर पोरं मागं वळून बघतात आणि पडतात. सुकन्या वळलीच नाही, कारण फक्त समोर बघायचं असं तिला सांगितलेलं होतं. पण कान तिचे तिखट. जो मागं धरून पळतोय त्याचा आवाज लांब लांब कसा जाईल? तिनं ब्रेक लावला, पाय टेकवला, सायकल नीट स्टँडवर लावली आणि मगच वळून बघितलं. लांब चिंचेखाली मामा तळहातावर अंगठा घासत उभा होता.

ती चालत परत आली. गहिनीनाथ दोन्ही हात पसरून म्हणाला, "शिकली! माजी वाघीन शिकली!"

"तुझ्या हातात तंबाखू आहे," सुकन्या म्हणाली आणि त्याच्या बाजूनं निघून गेली.

सायकल तिथंच राहिली. ती गहिनीनाथानं हातात धरून घरी आणली. वस्तीनं अभिनंदन केलं, त्यानं हौसेनं जिलेबी आणली, पण जिच्यासाठी आणली तिनं तोंड लावलं नाही. "मला सायकल येत नाही," ती आईला म्हणाली. "मामा धरलंय म्हणाला आणि त्यानं धरलं नव्हतं."

तिनं अबोला धरला असता तरी गहिनीनाथाला चाललं असतं, रुसवा काढायची कला त्याला येत होती. पण सुकन्या रुसली नव्हती. ती तपासायला लागली होती. मामा म्हणाला, "च्या गरम हाय," तर ती आधी बोट बुडवून बघे. मामा म्हणाला, "आज मंगळवार," तर उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं जाई. "पाऊस येनार न्हाई" म्हणाला, तर दोरीवरचे कपडे काढून आत ठेवी. सगळं घर हसायचं आणि गहिनीनाथही हसायचा. पण बाजाराच्या दिवशी मोठ्या रस्त्याच्या कडेला त्यानं सवयीनं बोट पुढं केलं. तिनं त्या बोटाकडं बघितलं, दोन्ही बाजूंचा रस्ता स्वतः बघितला आणि एकटीच पलीकडं गेली. त्या दिवशी त्याला हसू आलं नाही.

"आता काय करू?" रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यानं बायकोला विचारलं. "देवाची शप्पत घेऊन झाली. नवी घंटी आनून झाली. आगं, ती थाप थोडीच हाय? ती शिकवायची पद्धत हाय!"

"व्हय का?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "लग्नात मला म्हनला हुता, तंबाकू सोडली. ती कसली पद्धत हुती म्हनायची?"

"तू तवा काय म्हनली न्हाईस."

"मी दुनियेसारखी. थापा पचवायला शिकले. त्या पोरीला पचत न्हाईत, ह्यात तिचं काय चुकलं? जावा आन् जसं झालं तसं सांगा."

सकाळी तो बहिणीच्या ओट्यावर जाऊन बसला. सुकन्या शेंगा निवडत होती.

"सुकन्या, मी सोडलं हुतं. सोडून धरलंय म्हनलो. चुकलं माजं."

"कुठं सोडलंस?"

"आं?"

"कोणत्या जागी सोडलंस? विहिरीच्या अलीकडं की पलीकडं?"

चिंचेपाशी, असं ठोकून द्यायला त्याची जीभ उचललीच होती. त्यानं ती आवरली. "मला ठाऊक न्हाई. सवयीनं सुटलं. मला बी मागनं कळलं."

सुकन्येनं शेंगा खाली ठेवल्या. त्याच्याकडं थेट ती क्वचितच बघायची, आताही तिनं त्याच्या कानाकडं बघितलं. पण बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "धरलं असेल तर धरलंय म्हणायचं. सोडलंस तर सोडलं म्हणायचं. लगेच म्हणायचं."

गहिनीनाथ चरकला. आजवर शिकवलेल्या सगळ्या पोरांचा त्याचा अनुभव एकच सांगत होता. सोडल्याचं कळलं की पोरगं त्याच क्षणी पडतं. ही तर त्याला 'पड' असं तोंडानं सांगायला लावत होती. पण नाही म्हणायची सोय नव्हती. "बरं," तो म्हणाला.

गाडीवाटेवर त्या दिवशी मोनिका आणि ज्ञानेश्वरीही येऊन उभ्या राहिल्या. सुकन्येनं कानटोपी नीट केली. "धरलंयस?"

"धरलंय."

सायकल निघाली. गहिनीनाथ मागून पळत होता आणि "धरलंय, धरलंय" म्हणत होता, आणि गंमत अशी की या वेळी खरोखरच धरलं होतं. चिंच आली, त्यानं सोडलं नाही. विहीर आली, तरी तोंडातून 'सोडलं' निघेना. आयुष्यभर न सांगता अलगद सुटणारा हात, सांगून सोडायची वेळ आली तर सुटेना. धाप लागली, धोतराचा सोगा सुटला, मागून बायको ओरडायला लागली, "आवो, सोडा की! का कारखान्यापातूर पळता?"

"अजून धरलंयस?" सुकन्येनं पुढं बघतच विचारलं.

"धर... धरलंय!"

"मग सोड."

मोटारीची खोली आली, पुढं वाटच संपत होती. गहिनीनाथानं डोळे मिटले, हात उघडला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "सोडलं!"

हँडल डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं आणि सुकन्या सायकलसकट शेजारच्या सरीत कोसळली. उसाला पाणी चालू होतं. फचकन आवाज झाला.

गहिनीनाथ धावला. त्याला तिला उचलून उराशी धरायचं होतं, पण धरलेलं तिला आवडत नाही म्हणून तो नुसताच दोन्ही हात पुढं करून चिखलात उभा राहिला. मोनिका "आगं माज्या बाय!" करत पळत येत होती. सुकन्या आपली आपण उठली. गुडघा फुटला होता. चिखल तिला मुळीच आवडत नसे, तिनं तो बोटांवरून निपटून काढला. मग मान वर केली.

"तू सोडलंस तेव्हा सोडलं म्हणालास."

"व्हय. आन् तू पडलीस."

"हो. पडले." आणि तिला हसू आलं, सगळे दात दिसेपर्यंत. इतकी हसलेली भाची त्यानं कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. जे झालं तेच सांगितलं गेलं होतं, गुडघ्याचं तिला काही वाटत नव्हतं.

तिनं सायकल सरीतून ओढून वाटेवर आणली. सीटवरचा चिखल ओढणीनं पुसला. मोनिका काही बोलणार तोच ज्ञानेश्वरीनं तिचा दंड दाबला.

"मामा, आता मी पडेन का?"

छ्या, आता कशाची पडतीस! वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं. साऱ्या वस्तीला त्यानं ते ऐकवलं होतं. गहिनीनाथानं ते गिळलं.

"पडशील बी," तो म्हणाला. "मला न्हाई सांगता येत."

सुकन्येनं थोडा विचार केला.

"मग धर," ती म्हणाली आणि सीटवर बसली.