उलटवलेली कॉलर

मी शर्ट बोलतोय. फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा, वय वर्षं अकरा. मला एका शिंप्याने स्वतःसाठी शिवलं, आणि शिंप्याने स्वतःसाठी काही शिवणं म्हणजे नवलच. लोकांचे कपडे वेळेवर देता देता त्याचं स्वतःचं कापड घडीतच राहतं. मीही आधी दोन वर्षं कापड म्हणून फळीवर पडून होतो.

पुढे माझी कॉलर मानेपाशी विरली. मालकांनी ती उसवली, उलटी केली आणि परत बसवली. झिजलेली बाजू आत, चांगली बाहेर. कुणाला पत्ताही लागला नाही, पण मला आपलं उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

मग दुकान बंद पडलं. तयार कपडे मिळतात म्हटल्यावर शिंप्याला कोण विचारतो? मालक घरी बसले, दुपारचे झोपायला लागले. "या वयात मला कोण घेतंय," हे एकच पालुपद. शेवटी लेकीनेच त्यांच्या नावाने शर्टांच्या कारखान्यात अर्ज टाकला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि घरात दुसरा विषयच नाही, घालायचं काय?

लेकीने पांढराशुभ्र नवा शर्ट आणला. "बाबा, हाच घाला. त्या निळ्याला आता सुट्टी द्या." मला राग आला, पण पोरीचं काही चुकत नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी लेक सकाळीच कामाला गेली. मालकांनी पांढरा शर्ट चढवला, आरशात पाहिलं आणि त्यांची नजर डाव्या खांद्यावर अडकली. शिवण ओढली जाऊन बारीकशी चुणी पडली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. पण जित्याची खोड, दुसरं काय. "पाचच मिनिटं," असं स्वतःशी म्हणत त्यांनी खांदा उसवला. खांद्यापायी बाही सोडवावी लागली, मग कॉलर. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा शर्टाचे तुकडे मांडीवर होते आणि निघायची वेळ कधीच टळली होती. उरलो मी.

मुलाखत घ्यायला तपासणी विभागाच्या बाई होत्या. "अर्धा तास उशीर झालाय," त्या म्हणाल्या. मालकांना खोटं बोलणं कधी जमलं नाही. त्यांनी खांद्याची सगळी हकिकत सांगून टाकली. मी मनात म्हटलं, झालं, आटोपलं.

"इथे दिवसाला नऊशे शर्ट निघतात. एकेका खांद्याला असाच वेळ घालवाल?"

"पहिल्याला घालवीन. चूक कुठल्या मशीनवर होतेय ते कळलं की पुढचे नीट निघतील."

बाई उठून जवळ आल्या. "जरा कॉलर बघू." त्यांनी ती वर केली आणि माझी झिजलेली बाजू उजेडात आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कुणी उलटवलीय?"

"मीच."

"टाका सापडत नाहीये."

"सापडू नये म्हणूनच तसा घातला होता," मालक पुटपुटले.

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. "पण वेळेवर."

संध्याकाळी लेक घरी आली. मशीनवर पांढऱ्या शर्टाचे तुकडे बघून तिचा चेहरा पडला. "बाबा, गेलाच नाहीत?"

"गेलो होतो. घेतलं मला," एवढंच मालक म्हणाले, आणि माझ्या उजव्या बाहीने डोळे पुसले. दुकान बंद झालं त्या दिवशीसुद्धा ते रडले नव्हते.

आता ते कारखान्याचा गणवेश घालतात. दुपारी झोपत नाहीत. मी खुंटीवर असतो आणि लवकरच माझं फडकं होईल. होऊ दे, माझी तक्रार नाही. फक्त एवढं करा, फाडायला डावीकडून सुरुवात करा. उजवी बाही राहील तितके दिवस राहू द्या.