धाविकाचा देव

"चपला काढ की रं आदी! द्येव हाय तितं, दिसंना व्हय?"

अंबूबाईंचा आवाज मोकळ्या मुरमावरून असा आला, की ज्योतीराम जागच्या जागी थबकला. गळ्यात कॅमेरा, डोक्याला पंचा. समोर वीसेक पावलांवर त्याचा दगड होता. मागच्या गुरुवारी त्यानंच ठेवलेला, नारळाएवढा, लाल रंग दिलेला. आता त्या दगडाला झेंडूचा हार होता, पुढ्यात फोडलेला नारळ, दहीभाताचा द्रोण आणि द्रोणावर दोन कावळे.

कावळे बघून त्याची नजर आधी दगडाच्या बाजूच्या मुरमावर गेली. दगडापासून हातभर अंतरावर, उघड्या जमिनीवर, मागच्या गुरुवारी धाविकाची दोन अंडी होती.

धाविक हा पारव्याहून लहान, विटकरी छातीचा पक्षी. पंखांपेक्षा पायांवर भरवसा जास्त. घरटं बांधायच्या भानगडीत तो पडतच नाही. मुरमावर मुरमाच्याच रंगाची अंडी घालतो आणि भर उन्हात त्यांच्यावर सावली धरून उभा राहतो. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं गिअर तपासणारा ज्योतीराम सहा वर्षांपासून एकाच फोटोच्या मागे होता: नुकतंच निघालेलं पिलू आणि त्याच्यावर सावली धरलेली आई. त्याच्या चिकाटीचं कुणी कौतुक केलं की तो म्हणायचा, "दापोडीच्या देवळात बुवांच्या मागं तीन-तीन तास टाळ धरून उभा राहतो मी. पक्ष्याची वाट बघणं त्यापुढं काहीच नाही."

मागच्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, चऱ्होलीच्या या प्लॉटिंगवर त्याला अंडी सापडली. पलीकडे रोलर उभा होता. रोलरवाल्याशी बोलावं असं मनात आलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी टिटवीच्या अंड्यांसाठी अशाच एकाला त्यानं हात जोडले, तर तो दात काढून म्हणाला होता, "काका, आमलेट करता का?" ते मनात रुतून बसलेलं. म्हणून यंदा तो बोललाच नाही. पिशवीत कंपनीची लाल रंगाची डबी राहिली होती, बाद मालावर ठिपका मारायची. त्यानं दगड रंगवला आणि अंड्यांशेजारी ठेवला. लाल दिसलं की माणूस थांबतो, हा तीस वर्षांचा अनुभव.

माणूस थांबला होताच. वर नारळही घेऊन आला होता.

"मावशी, कधीपासून हे?"

"शनवारपास्नं. रोलरवाल्या सायेबरावानं पयला बगितला. म्हनला, आजी, तुमच्या रानात द्येव निगाला. चाळीस वर्सं मी ह्ये रान निंदलं, कदी न्हवता. रान इकलं आन् ह्यो आला." अंबूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "म्हनलं, आपुन न्हाई तर न्हाई, कुनीतरी हाय राखायला."

ज्योतीराम चपला काढून, तापल्या मुरमावरून पुढे गेला. कावळे उडाले. अंडं एकच होतं. धाविक लांबवर पळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता. माणसं होती तोवर तो जवळ येणार नव्हता.

गप्प बसावं, तर उद्या दुसरंही जाणार. बोलावं, तर म्हातारीच्या हातून देव काढून घ्यायचा. तोही त्यानं, ज्याला देवळाच्या पायरीवर डोकं टेकल्याशिवाय शिफ्टला जाववत नाही. बुवा नेहमी सांगत, टाळ चुकला तर लपवू नका, पुढच्या मात्रेला सावरा.

"मावशी, हा देव नाही. दगड मी ठेवलाय. रंग माझ्या कंपनीचा. खराब मालावर लावतो आम्ही."

"खराब मालावर?"

"हो."

रोलर बंद करून साहेबराव केव्हाच येऊन उभा होता. तो मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे आमी सहा दिवस रिजेक्ट मालाला नारळ फोडतोय व्हय काका!" मग त्याला अंडं दाखवल्यावर त्याचं हसू उतरलं. "आन् ह्ये नुसतं तोंडानं सांगितलं आसतं तर? वळसा घातला आसता की. आमी काय मानसं न्हाई व्हय?"

ज्योतीरामनं मान खाली घातली. तीस वर्षं माल पारखला, माणूस न पारखताच बाद केला.

अंबूबाई उकिडव्या बसल्या. मुरमातलं अंडं दिसायला त्यांना वेळ लागला. "ह्येची आय उनात हुबी ऱ्हाती?"

"दिवसभर."

त्यांनी अंड्यावरची नजर दगडाकडे नेली. मग म्हणाल्या, "रंग तुज्या कंपनीचा आसंल. हात म्या जोडल्यात, ते खराब मालाला न्हाईत जोडलं." ज्योतीराम दगडाकडे वाकला, तशा कडाडल्या, "तू हात लावू नगंस! तुला ठिवायची जागाच कळत न्हाई."

त्यांनी दगड पदरात घेतला, लेकरासारखा. शंभर पावलांवरच्या बांधाच्या बाभळीखाली नेऊन ठेवला. साहेबरावानं हार आणि द्रोण नेला. द्रोणामागे कावळेही गेले. संध्याकाळी पूजेला बाया आल्या, तर अंबूबाई बाभळीखाली काठी आडवी घेऊन बसलेल्या: "हितनं म्होरं पाऊल टाकायचं न्हाई. द्येवाचा हुकूम हाय!"

पुढच्या गुरुवारी ज्योतीराम आला, तेव्हा सगळा प्लॉट रोलरनं गुळगुळीत झाला होता. मधोमध फक्त खळ्याएवढं खडबडीत मुरमाचं बेट राहिलं होतं. तो लांब पोटावर पडून राहिला. दहा वाजता आई उठली. तिच्या पायांत मुरमाचा एक खडा हलला, आणि त्याला चोच होती.

बाभळीखाली त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला.

"कुटं हाय?"

"तिच्या सावलीत बघा."

अंबूबाईंनी डोळे बारीक केले. "हाय, हाय! येकलंच?"

"एकच. दुसरं माझ्यामुळं गेलं, मावशी."

त्यांनी दगडापुढची चिमूटभर साखर उचलून त्याच्या तळहातावर ठेवली.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तिसराच गिअर बाद निघाला. ज्योतीरामनं ब्रश बुडवला, लाल ठिपका मारला, आणि त्याचा हात आपसूक कपाळाला लागला. बाजूच्या पोरी फिसकन हसल्या. त्यानं तो गिअर बाद मालाच्या पेटीत टाकला नाही. दोन्ही हातांनी, आवाज न करता, ठेवला.