पिवळ्या कपड्यावरचा पंजा

डिचोलीजवळच्या त्या वाड्यावर, एका छोट्या वस्तीत, चार दिवसांत तीनशे कोंबड्या मेल्या, आणि सारे लोक गोकुळदासबुवाभोवती गोळा झाले. बुवाने हळदीत बुडवून वाळवलेले कापड पसरले होते. जिने करणी केली तिच्या हाताला देवी रगत फोडणार, असे सांगत तो एकेकीच्या हातांवर पाणी ओती आणि तिला कापडावर पंजा टेकायला लावी. विधवा रुक्मिणीने हात टेकला आणि लालभडक पंजा उमटला. तिला वाड्यावरून हाकला, असा गलका सुरू झाला.

पशुवैद्य सुमंगला कोंबड्यांचा तपासणी अहवाल घेऊन आली होती. बुवाने वाड्यावरच्या शेवंतीच्या तापाने फणफणलेल्या मुलीवरून, गंगेवरून, मरणाला टेकलेली कोंबडी ओवाळून घेतल्याचे कळले, तेव्हा तिचे मस्तक फिरले. बुवाजवळ पाण्याचे तांबे दोन होते, आणि रुक्मिणीपुरता दुसरा उचलला गेला होता, हे तिने पाहिले होते.

"बुवा, आता तुमचे हात," असे म्हणत तिने तोच दुसरा तांब्या त्याच्या हातांवर रिता केला.

देवीच्या सेवकाची परीक्षा घेत नाहीत, असे म्हणत बुवा मागे सरकला. शेवंतीने त्याचे मनगट धरले.

"माझा चेडू तापान फणफणता. टेक हात."

पंजा लालच उमटला.

"तांब्यात चुन्याची निवळी आहे," सुमंगला म्हणाली. "चुना लागला की हळद लाल होते. घरी कुंकू करणाऱ्या बायकांना हे मी सांगायचे?"

मग तिने अहवाल वाचला. कोंबड्यांना बर्ड फ्लू होता. रानबदकांच्या विष्ठेतून विषाणू कोंबडीत येतो आणि आजारी कोंबडी हाताळणाऱ्या माणसातही शिरू शकतो. माणसात तो सहज पसरत नाही, पण विषाणू बदलत राहतात, आणि दर लागणीत त्याला माणसात रुळायची संधी मिळते. म्हणूनच ओवाळणे हा जिवाशी खेळ होता.

गंगेला लगेच दवाखान्यात नेले. तिचा ताप साधाच निघाला, पण तो साधा आहे हे बुवाला कुठे ठाऊक होते?

सुमंगलाने बोलावलेले पोलीस बुवाला नेऊ लागले तेव्हा लोक त्याच्यावर धावले. सुमंगला आडवी आली.

"आता हात उगारताय? दोन तांबे तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. दुसरा कशाला, एवढे एकानेही विचारले नाही, आणि एका बाईला देशोधडीला लावायला निघालात. आधी विचारायला शिका."

लोक एकेक करून पांगले. शेवंती तेवढी रुक्मिणीच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडले नाही.