शिवकन्याताईच्या घरी जेवायला

तिसरी ताटलीही आईनं हात न लावता परत दिली.

"काकू, चाखून तर बघा," अंगदभाऊ वाकून म्हणाले. अंगदभाऊ म्हणजे शिवकन्याताईचे मिस्टर. ताई आत रांधते, ते बाहेर वाढतात.

आईनं नुसता हात हलवला. राहू द्या.

ते ताटली घेऊन आत गेले. मी आईकडं झुकलो. "आई, काय करून राह्यली तू? खाय ना."

"तुमचं होऊ द्या," आई हळूच म्हणाली. "मी घरची हाय. मागून आपली शिवी अन मी संगच बसू."

"इथं तसं नसतं."

"तिला म्हाईत हाय. आमी दोघी कधी येगळ्या जेवलो का?"

हे खरं होतं. गावाकडं, केदारखेड्याला, ताईचं घर आमच्या भिंतीला लागून. तिची आई लवकर गेली. ती आमच्याच चुलीपुढं मोठी झाली. भाकरी थापायला, आमटीचा येसर मसाला भाजायला आईनंच शिकवलं तिला. घरातले सगळे जेवले की ह्या दोघी एका ताटात बसायच्या. मी तेव्हा झोपायचं सोंग करून त्यांच्या गप्पा ऐकायचो.

मग ताईला संभाजीनगरला हॉटेलचा कोर्स करायचा होता. तिचे वडील आईला विचारायला आले. आई म्हणाली, "पोरीला काय हॉटेलात रांधाया पाठवता? लोक थुकतील तोंडावर." आईच्या एका शब्दावर तिचं एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी ती भांडून गेली. जाताना आमच्या दारावरून गेली, पण आत आली नाही. ह्याला अकरा वर्षं झाली.

आता ती नवीन जालन्यात राहते, स्टेशनच्या अलीकडं. दर शनिवारी घरातच सपर क्लब करते. दहाच खुर्च्या, आधी फोन करून धरायच्या. सात पदार्थ, एकामागून एक, छोट्या छोट्या ताटल्यांत. मी बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर आहे. आमच्या राधेश्याम साहेबांनी डीलर लोकांसाठी आठ खुर्च्या धरल्या. ताईला कळलं मी तिथंच कामाला आहे, तर तिनं स्वतःहून फोन केला. "कल्याण, दोन खुर्च्या ठिवल्यात. काकूंला घेऊन ये. पैसे-बिशे काही न्हाई."

आई चार दिवस आधीपासून लुगडं काढून बसली होती. गाडीवर मागं बसून म्हणाली, "चुकलं म्हणायचंय तिला. चारचौघांत न्हाई म्हणता येत असं. जेवता जेवता म्हणता येतं."

मला सगळं माहीत होतं. म्हणूनच सांगतोय.

चौथी ताटली आली. प्रत्येकापुढं एक छापलेलं कार्ड होतं, त्यावर चौथ्या नंबरला लिहिलेलं: सोनूकाकूंची येसर आमटी. सोनूबाई म्हणजे माझी आई. ताई स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पांढरा कोट, केस बांधलेले. सगळ्यांना म्हणाली, "ही ज्यांनी शिकवली, त्या आज इथं बसल्यात."

डीलर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजली, पदर तोंडाला लावला. वाटीचा वास घेतला तिनं. डोळे मिटून. आणि वाटी पुढं सरकवली.

"राहू दे, शिवे. मंग."

ताईचं तोंड उतरलं ते मी बघितलं. आपल्याकडं एखाद्याच्या घरी जाऊन अन्नाला न शिवणं म्हणजे काय असतं, हे सांगायला नको.

"अरे कल्याण," साहेब हसले, "आईला आवडलं नाही वाटतं! बराबर आहे, जे घरी रोज खातो ते इथं कशाला खायचं?"

सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या तीन ताटल्याही आईकडून तशाच परत गेल्या. हात धुवायला उठलो तर ताई बेसिनपाशी आली. साहेब माझ्या मागंच उभे होते. ताईनं हळूच विचारलं, "कल्याण, काकूंला अजून राग हाय का माझा?"

एक वाक्य होतं. 'ताई, ती तुझ्यासंग जेवायला थांबलीय.' पण साहेबांपुढं कसं सांगू, की माझी आई पाहुण्यांत बसून जेवणार नाही, आत फरशीवर रांधणारीसोबत जेवणार? आठवडाभर मी त्यांना सांगत होतो, शेफ आमच्या घरच्यासारखी आहे म्हणून. मला लाज वाटली. दुसरं काही नाही.

"न्हाई गं," मी म्हणालो. "उपास हाय तिचा."

"शनवारचा?"

"हौ."

"काकू सोमवार धरायच्या."

"आता शनवार धरती."

ताईनं माझ्याकडं बघितलं. न जेवायचं असलं की लोक काय सांगतात, ते तिलाही माहीत होतं. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

नऊ वाजता साहेब, डीलर, सगळे गेले. आई उठली. चेहरा उजळलेला. स्वयंपाकघरात जाऊन तिनं पदर खोचला आणि ओट्याखाली फरशीवर मांडी घातली. समोर एका माणसापुरती जागा सोडून.

ओटा पुसलेला होता. दहा माणसांचं मोजून केलेलं, त्यातलं काही उरलं नव्हतं. आईच्या परत गेलेल्या ताटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या.

ताईनं फ्रिजमधून दूध काढलं. एक ग्लास आणि दोन केळी आईपुढं ठेवली.

"उपास हाय म्हणं तुमचा, काकू. आधी कळवलं असतं तं भगर टाकली असती मी."

आईनं मान वर केली. ताईकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी दाराला टेकून उभा होतो. वाटलं आता बोलेल. मीच बोलायला पाहिजे होतं.

"हौ," आई म्हणाली. "औंदापासून धरलाय."

ताई पाठ करून कढई घासायला लागली. आईनं एक केळं खाल्लं. दुसरं तसंच ठेवलं. दूध सगळं प्यायली, ग्लास स्वतः विसळला. "येते, शिवे," म्हणाली. ताई "हं" म्हणाली. नळ चालूच होता.

आई गाडीवर मागं बसली. मोतीबागेपाशी मीच म्हणालो, "फोन करून सांगू का तिला खरं?"

"नको. तू भाऊ असून खोटा बोलला म्हणून अजून जीवाला लागल तिच्या."

ह्याला सात महिने झाले. ताईचा फोन आला नाही. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

मागच्या शनिवारी आईला ताप होता. म्हणालो, "आई, सोड ना हा उपास. कोण बघतंय?"

"तिला सांगितलंय ना, धरते म्हणून," आई म्हणाली, आणि उठून भगर टाकली. वाटीभर, एकटीपुरती.